‘टिक फिव्हर पॉझिटिव्ह’ कुत्रा घरी आणावा का? स्नॅप ४डीएक्स प्लस किटचा आढावा

दत्तक द्यायच्या गावठी कुत्र्याची माहिती वाचताना ‘लसी झाल्या, नसबंदी झाली, स्वभाव शांत, लहान मुलांशी छान’ इथपर्यंत घरातले सगळे माना डोलवत असतात. मग गोचिडीच्या तापाबद्दलची शेवटची ओळ येते, ‘टिक फिव्हर पॉझिटिव्ह, उपचार सुरू’, आणि बोलणं थांबतं. कुणी म्हणतं, दुसरा बघू. कुणी विचारतं, आपल्याला होईल का? ही ओळ बहुतेक वेळा एका छोट्या प्लॅस्टिकच्या किटवरून आलेली असते. ते किट काय सांगतं, काय सांगत नाही आणि त्याच्या जोरावर कुत्र्याला नाही म्हणावं का, एवढाच या आढाव्याचा विषय.

बाजारात अशा बऱ्याच पट्ट्या मिळतात. त्यातलं जास्त माहीत असलेलं किट म्हणजे आयडेक्स कंपनीचं स्नॅप ४डीएक्स प्लस. थोड्याशा रक्तावर ते चार गोष्टी बघतं: हार्टवर्म (हृदयात वाढणारे जंत) आणि गोचिडीतून येणारे एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि लाइम. आपल्याकडे लाइमचा खाना जवळजवळ शोभेचा. हार्टवर्मचा खाना प्रौढ मादी जंतांचं प्रतिजन (त्यांच्या अंगातून रक्तात आलेला अंश) पकडतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात तो कोराच राहणार. महाराष्ट्रात रोजच्या कामाचे खाने दोनच, एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा. ‘टिक फिव्हर’ म्हणतात तो बहुधा यातल्या पहिल्याचा, म्हणजे एर्लिकिया कॅनिसचा ताप. तो पसरवते तपकिरी गोचीड, जिला थंडी-पावसाची फारशी पर्वा नसते आणि जी इमारतीच्या भिंतीवरही सुखाने संसार थाटते.

किट वापरायला सोपं आहे, पण ते घाईत बिघडवताही येतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त चालतं, सीरम किंवा प्लाझ्माही चालतो. फ्रिजमधून काढलेलं सगळं साहित्य आधी खोलीच्या तापमानाला यावं लागतं. छोट्या नळीत रक्ताचे ३ थेंब, त्यावर कॉन्जुगेटचे (किटसोबत येणाऱ्या द्रवाचे) ४ थेंब, नळी तीन-चार वेळा हलकेच उलटसुलट करायची आणि सगळं मिश्रण किटच्या खळगीत ओतायचं. द्रव खिडकीतून सरकत पुढे जातो. पलीकडच्या गोलात रंगाची पहिली छटा दिसली, की खटका पूर्ण खाली बसेपर्यंत दाबायचा. तिथून ८ मिनिटं मोजायची आणि निकाल तेव्हाच वाचायचा. कंट्रोलचा ठिपका उमटला नसेल तर बाकीचे ठिपके काहीही सांगोत, चाचणी रद्द. खटका अर्धवट दाबला गेला किंवा अर्ध्या तासाने येऊन बघितलं, तर जो निळसर डाग दिसतो त्याला निकाल म्हणता येत नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेने पाठवलेल्या फोटोत कंट्रोलचा ठिपका दिसतोय का, एवढं तरी बघावं. स्वस्तातल्या रेघांच्या पट्ट्यांत हा घोळ जास्त होतो: वेळ टळून गेल्यावर उमटलेली पुसट रेघ मोबाइलच्या फोटोत ठळक दिसते, आणि एका चांगल्या कुत्र्याच्या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ लागतं.

आता मुख्य मुद्दा. एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्माच्या खान्यांत किट जंतू शोधत नाही, त्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं. संसर्ग कधीकाळी झाला होता एवढंच त्यातून कळतं. आत्ता जंतू अंगात आहेत, की डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा) कोर्स होऊन सहा महिन्यांपूर्वीच गेलेत, ते ठिपक्यावरून ओळखता येत नाही. ही प्रतिपिंडं उपचारानंतरही कित्येक महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं टिकतात. रस्त्यावर दोन पावसाळे काढलेल्या, गोचिडींनी कान भरलेल्या कुत्र्याचा एर्लिकियाचा खाना कोरा निघाला, तर उलट तेच नवल. याच्या बरोबर विरुद्ध चूकही होते. संसर्ग अगदी ताजा असेल तर ताप चढलेला असतो, पण प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. त्या आठवड्यात किट ‘निगेटिव्ह’ म्हणतं आणि कुत्रा मात्र कोपऱ्यात मलूल पडलेला असतो. त्या टप्प्यावर पीसीआर जास्त कामाचा, कारण तो जंतूचा डीएनए शोधतो.

दुसरी त्रुटी आपल्या भागात जास्त महागात पडते. बबेसिया या किटमध्ये नाहीच. बबेसियासुद्धा गोचिडीतूनच येतो, पण त्याचा जंतू लाल पेशीत घुसून त्या फोडतो. हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी चहासारखी किंवा कोकाकोलाच्या रंगाची होते आणि हिमोग्लोबिन घसरतं. आणि संस्थेच्या कागदावर मात्र ‘टिक फिव्हर निगेटिव्ह’ असतं, कारण ज्याची चाचणी झाली ते खरोखरच निगेटिव्ह होतं. दत्तक घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक खर्चाचा आणि मनस्तापाचा आहे. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन लागू पडतं आणि ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. बबेसिया गिब्सोनीला, म्हणजे लहान आकाराच्या बबेसियाला, अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची जोडी लागते. त्यातलं पहिलं औषध महाग, दिवसातून तीनदा आणि तेही तुपातेलाच्या खाण्याबरोबर द्यायचं. शिवाय हा आजार उलटतो. मोठ्या आकाराच्या बबेसियाला इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, दोन आठवड्यांच्या अंतराने, बहुधा पुरतात. गिब्सोनीला ती पुरत नाहीत. म्हणून ‘टिक फिव्हर’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न ‘कुठला?’ हाच विचारायचा.

मग निर्णय कशावर घ्यायचा? सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) आणि रक्ताच्या काचेवर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली केलेल्या तपासणीवर. दोन्ही किटपेक्षा स्वस्त, आणि दोन्ही आजची परिस्थिती सांगतात. सीबीसी शक्यतो जनावरांच्या लॅबमधूनच करून घ्यावी. कुत्र्याच्या लाल पेशी माणसाच्या पेशींपेक्षा लहान असतात. माणसांच्या लॅबच्या मशीनवर प्राण्यांची सेटिंग नसेल तर आकडे हलतात, आणि शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादाही माणसाचीच असते. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख, पांढऱ्या पेशी ६,००० ते १७,००० आणि पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ३७ ते ५५ टक्के हे हाताशी ठेवावं.

प्लेटलेटचा आकडा कमी दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही. सुई नीट न लागता रक्त हळूहळू आलं असेल, तर नळीत प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन एका पुंजक्याला एकच कण समजतं, किंवा मोजतच नाही. कागदावर ६०,००० येतात आणि कुत्रा गेटवर उड्या मारत असतो. याचा उलगडा काचेवर होतो. डॉक्टर किंवा लॅबवाला काचेच्या पातळ कडेला पुंजके आहेत का ते बघतो. मग तेल टाकून शंभरच्या भिंगाखाली दहा ठिकाणच्या प्लेटलेट मोजतो, सरासरी काढतो आणि तिला १५,००० ने गुणतो. सरासरी १२ आली तर अंदाज १ लाख ८० हजारांचा, म्हणजे थोडं कमी, पण मशीनने सांगितल्यापेक्षा कितीतरी बरं. सरासरी दोन-तीन आली तर मात्र आकडा खरा आहे. त्याच काचेवर बबेसियाही सापडू शकतो. त्यासाठी कानाच्या टोकाला बारीक टोचून आलेल्या थेंबाची काच जास्त चांगली, कारण जंतू भरलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत साठतात. नुसत्या ‘सीबीसी केली’ यावर समाधान मानू नये. ‘काच बघितली का, कुणी बघितली’ हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

या दोन कागदांवरून कुत्रा आजाराच्या कुठल्या टप्प्यात आहे ते बरंचसं कळतं. ताप, भूक कमी, गाठी सुजलेल्या आणि फक्त प्लेटलेट उतरलेल्या, तर हा सुरुवातीचा टप्पा. असा कुत्रा न डगमगता घ्यावा. बाहेरून ठणठणीत, किट पॉझिटिव्ह आणि प्लेटलेट थोड्या कमी, हा मधला टप्पा. हा लक्षणांशिवाय महिनोन्‌महिने चालू शकतो आणि यालाही औषध लागू पडतं. सावध राहायचं ते तिसऱ्या टप्प्यात: लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही खाली, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, वजन उतरलेलं. याचा अर्थ अस्थिमज्जाच थकलेली आहे. औषधाला प्रतिसाद मिळेलच असं नाही, रक्त चढवावं लागू शकतं, आणि जर्मन शेफर्ड किंवा त्याचा संकर असेल तर हा टप्पा आणखी वाईट जातो. त्याच तपासणीत क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीनही बघून घ्यावं, कारण जुना एर्लिकिया मूत्रपिंडांवर बसतो. डोळा लाल किंवा दुधाळ दिसत असेल तर तो ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून सोडू नये. एर्लिकियात डोळ्याच्या आत सूज येते आणि वेळेत औषध पडलं नाही तर दृष्टी जाते.

खरी चाचणी मात्र औषधच करतं. डॉक्सीसायक्लिन किलोला रोज १० मि.ग्रॅ., एकदम किंवा दोन वेळांत विभागून, सलग २८ दिवस. १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १२० मि.ग्रॅ., म्हणजे महिन्याला ३,३६० मि.ग्रॅ. १०० च्या गोळ्यांच्या हिशेबाने ३४, चार पट्ट्यांत भागतं. सगळ्या बिलात हीच सर्वांत स्वस्त बाब. गोळी कशी मोडायची आणि डोस किती ते डॉक्टर ठरवतील, पण दर आठवड्याला वजन मात्र करावं. रस्त्यावरून आलेला कुत्रा महिनाभरात दोन-तीन किलो सहज भरतो आणि पहिल्या दिवसाचा डोस शेवटच्या आठवड्यात अपुरा पडतो.

गोळी देण्यात घरोघरी एकच चूक होते: दहीभात. किंवा पनीरचा तुकडा, किंवा दुधात चुरून. कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि त्यातलं काही रक्तात पोचतच नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच वाटीत ओतलेलं लोहाचं टॉनिक. कुत्रा अशक्त म्हणून संस्था टॉनिक देते, डॉक्टर डॉक्सी देतात, आणि सोयीसाठी दोन्ही एकाच वेळी दिली जातात. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं. गोळी उकडलेल्या अंड्यात किंवा चिकनच्या बोटभर तुकड्यात लपवावी. रिकाम्या पोटी दिली तर पिवळी उलटी ठरलेली. कोरडी गोळी घशात ढकलून सोडून दिली तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करू शकते. म्हणून गोळीमागून चार घास खाणं, किंवा सिरिंजने गालाच्या कडेने थोडंसं पाणी. पपईच्या पानांच्या गोळ्या हौसेने द्यायच्या तर द्याव्यात, पण त्या जंतू मारत नाहीत. त्यांच्या भरवशावर डॉक्सी बंद करू नये.

नुसता एर्लिकिया असेल तर ताप आणि भूक दोन-तीन दिवसांतच सुधारते. इतकी झपाट्याने, की दहाव्या दिवशी ‘बरा झालाय’ म्हणून औषध थांबवण्याचा मोह होतो. थांबवू नये. प्लेटलेट सातव्या दिवशी पुन्हा बघाव्यात. वर चढत असतील तर बरोबर रस्त्यावर आहोत. आठवडाभर नियमित, दह्याशिवाय गोळ्या देऊनही आकडा हलत नसेल, तर शंकेची सुई बबेसियाकडे वळते. काच पुन्हा बघायची, नाहीतर पीसीआर. पुढची सीबीसी २८ व्या दिवशी आणि आणखी एक महिन्याभराने.

म्हणूनच संस्थेकडे ‘दत्तक’ मागण्याऐवजी आधी २८ दिवसांचं फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ, मागणं शहाणपणाचं. बऱ्याच संस्था याला तयार असतात. या महिन्याचं औषध, दोन सीबीसी आणि अचानक दाखल करावं लागलं तर त्याचा खर्च कोण करणार, हे कागदावर लिहून घ्यावं. तोंडी ‘बघू, करू’ वर नको. कागदपत्रांत किटचा फोटो तारखेसह, सीबीसीचा पूर्ण अहवाल, डॉक्सी कधी सुरू केलं ती तारीख आणि शेवटची गोचिडीची गोळी कधी दिली ते हवं. ‘उपचार सुरू’ असं लिहिलंय आणि सुरुवातीची तारीख कुणालाच सांगता येत नसेल, तर कोर्स पहिल्या दिवसापासून धरायचा. नसबंदीची घाई झालेली दिसली तर ऑपरेशनआधीच्या प्लेटलेट विचाराव्यात. कानाला कट असेल तर नसबंदी झाली आहे. नसेल तर प्लेटलेट भरून येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं, नाहीतर साध्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबेना होतो.

माणसाला होईल का, या प्रश्नाचं उत्तर: कुत्र्याला हात लावून, चाटल्याने किंवा एका गादीवर झोपल्याने नाही. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही एर्लिकिया थेट कुत्र्याकडून नाही, पण गोचिडीमार्फत नक्कीच. आजारी कुत्र्याचं रक्त प्यालेलं गोचिडीचं पिल्लू कात टाकून दुसऱ्या कुत्र्याला चावलं की काम झालं. म्हणून घरी आणण्याच्या दोन दिवस आधी संस्थेतच गोचिडीची गोळी देऊन टाकावी. फ्लुरालेनरची, म्हणजे ब्रेव्हेक्टोची, साधारण तीन महिने चालते. अफॉक्सोलेनरची, म्हणजे नेक्सगार्डची, महिनाभर. दोन्हींत गोळी वजनाच्या गटावर ठरते. कुत्र्याला फिट येत असतील तर या गटातली औषधं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नयेत. या गोळ्या गोचिडीला चावल्यावर मारतात, चावण्यापासून अडवत नाहीत, म्हणून सोबत कॉलर लावणारेही आहेत. मादी गोचीड अंगावरून उतरून फटीत हजारो अंडी घालते. बाल्कनीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीत आणि वॉचमनच्या केबिनच्या भिंतीत टॉर्च मारून बघावं. कीटकनाशक फवारायचं तर घरात मांजर आहे हे आधी सांगावं. पर्मेथ्रिन मांजराला विषारी.

तुलनेसाठी दोन शब्द. दत्तक याद्यांत आणखी दोन ‘बरे होणारे’ आजार दिसतात, खरूज आणि टीव्हीटी (कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ). या दोन्हींच्या चाचण्या टिक किटपेक्षा प्रामाणिक आहेत. कातडी खरवडून काचेवर घेतली की किडा तिथे चालताना दिसू शकतो. जननेंद्रियावरच्या गाठीचा ठसा काचेवर घेतला की गाठीच्याच पेशी दिसतात. डेमोडेक्सची खरूज माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. सार्कोप्टिसची लागते आणि माणसालाही काही दिवस खाजवते. टीव्हीटीला व्हिनक्रिस्टिनची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं लागतात, प्रत्येक वेळी आधी सीबीसी. ते औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, म्हणून अनुभवी हात हवा. या दोन्हींत निर्णय सोपा, कारण दिसतो तो आजारच असतो.

तपासणीसाठी मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि त्याच भागातलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपुरात तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय हे परवडणारे पर्याय. रांगेची तयारी ठेवावी आणि कुत्र्याला उपाशी नेऊ नये, गोळीची वेळ तिथेच येते.

किटला गुण द्यायचेच तर गाळणी म्हणून पाचपैकी साडेतीन. दत्तकाचा निर्णय घेण्यासाठी दीड. आणि उपचार संपल्यावर ‘बरा झाला का’ हे बघण्यासाठी शून्य. कोर्स संपल्यावर तेच किट पुन्हा करून ‘अजून पॉझिटिव्हच आहे’ म्हणत कुत्रा परत पाठवणारी घरं असतात. ठिपका निळाच राहणार होता. ते पैसे तिसऱ्या सीबीसीला ठेवावेत.